हरणाबाईचं सामान

सामान बांधावं तर हरणाबाईनं. कवठे महांकाळच्या पूर्वेला तिची वाडी, तिथं कुणालाही विचारा. निम्मं वरीस मेंढरं घेऊन मुलूखभर फिरायचं, आज ह्या शिवारात तळ, परवा त्या. पहाटे उठायचं आणि घोड्याच्या पाठीवर अख्खा संसार चढवायचा. पातेली, परात, घोंगडी, पिठाचं गठुळं, खुराड्यातल्या कोंबड्या, आदल्या दिवशी जन्मलेलं कोकरू, आणि सगळ्यांच्या वर स्वतःचं पोर. बाकीच्या बायकांचं वाटेत काहीतरी सुटायचं, सांडायचं. हरणाबाईचं कधी नाही. ती दोरीला शेवटची गाठ मारायची, घोड्याच्या पोटावर थाप द्यायची आणि म्हणायची, झालं. आता अशा बाईला साठीच्या उंबऱ्यावर कुणी सांगितलं की तुझ्या सामानात खोट आहे, उघडून दाखव, तर तिला काय वाटेल? पण ते पुढं येईलच.

नवरा अर्जुना. माणूस देवभोळा आणि भला, इतका भला की मेंढराच्या अंगाला सुरी लावायची म्हटलं की पाठ करून बसायचा. एखादीचा खूर सडला, कानात किडे पडले, की सुरी हरणाबाईच्या हातात. सडकं तेवढं कापून टाकायचं, जखमेत हळद भरायची, आणि मेंढी वाचवायची. आधी ती जखमेशी नाक नेऊन वास घ्यायची आणि मग ठरवायची. डोळ्यांनी बघितल्याशिवाय, वास घेतल्याशिवाय ती कधी बोलली नाही. पोरगा बिराप्पा शेजारी उकिडवा बसून हे बघायचा. आई म्हणाली कापायचं, की कापायचं. आई म्हणाली ठेवू, की ठेवायचं. त्या पोराच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलं की पुढं सगळा घोळ त्यातनंच झाला.

बिराप्पा मेंढरांमागं राहिला नाही. ह्या भागातली पोरं गलाईच्या कामाला देशभर गेलीत. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून, तेजाबात घालून शुद्ध करायचं काम. बिराप्पा गेला तो थेट गुवाहाटीला. हात बेतानं चालायचा, मालकाचा विश्वास बसला. मग मालक त्याला कामासाठी विमानानं इकडं-तिकडं पाठवायला लागला, आणि विमान कंपनीकडं बिराप्पाच्या नावावर पॉइंट साठायला लागले.

एका दिवाळीला तो गावी आला तेव्हा त्यानं मोबाईल काढून आईला ते पॉइंट दाखवले. हरणाबाईनं काय काय विचारलं असेल! हे पैसं हायत का? नाहीत. मग फुकट कोण कशाला देईल? तर बिराप्पानं सांगितलं, डेअरीला वरीसभर दूध घातलं की दिवाळीला दराचा फरक मिळतो ना, तसा हा फरक. जितकं जास्त उडायचं तितका जास्त. दुसऱ्याला देता येतो का? देता येत नाही, पण त्यातनं घरच्या माणसाचं तिकीट काढता येतं. मग ठेव की साठवून, वाढंल. नाही, म्हणाला, ठेवून वाढत नाही, बरेच दिवस उडलं नाही तर आपोआप जातं. तेवढ्यावर हरणाबाईला सगळं कळलं. म्हणाली, म्हंजे दुधागत, ठेवलं की नासलं.

तिथनं दरसाल एकच धोशा. आई, औंदा चल, खिडकीजवळची जागा देतो, वरनं बघ मुलूख कसा दिसतो. हरणाबाई दरसाल म्हणायची, पुढल्या साली. एकदा कोकरं लहान होती. एकदा अर्जुनाचा खोकला. एकदा काहीच कारण नव्हतं, उगाच भीती वाटली म्हणून नाही म्हणाली. आता ह्या सगळ्याचं तिला इतकं वाईट वाटत होतं की विचारू नका.

कारण ह्या खेपेला बोलावणं आलं ते सुनेच्या तोंडून, आणि सून रडत होती. सून संयोगिता, धीराची पोरगी, सहजी रडणारी नव्हे. दुकानात तेजाबाचं भांडं फुटलं होतं. बिराप्पाचा उजवा हात भाजला होता, त्याला आठवडा होऊन गेला होता, आईला काळजी नको म्हणून दोघांनी सांगितलंच नव्हतं. आता हात काळा पडला होता. डॉक्टर म्हणत होते, विष वर चढतंय, कोपराखालून हात काढावा लागेल, उशीर केला तर जीव जाईल. आणि बिराप्पा कागदावर अंगठा द्यायला तयार नव्हता. बायकोचं ऐकेना, मालकाचं ऐकेना. मग फोन त्यानं स्वतः डाव्या हातात घेतला.

"आई, तू ये. हात बघ, वास घे, आणि सांग. तू म्हणशील ते करीन. तवर मी कुणाला हात लावू देत न्हाई."

हरणाबाई तिथंच फोनवर म्हणाली असती की काप बाबा, जीव मोठा, तर सगळं मिटलं असतं. पण तिला ते म्हणवेना. न बघता आजवर मेंढीचा खूर कापला नव्हता तिनं. पोटच्या पोराचा हात कसा कापायला सांगेल? आणि हात तरी कुठला! सोनं ओळखणारा, घर चालवणारा उजवा हात. ती म्हणाली, येते.

रेल्वेनं गुवाहाटीला पोचायला काही दिवस लागतात. डॉक्टरांनी मुदत दिली होती ती दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत. संयोगितानं बिराप्पाच्या पॉइंटांवर पुण्याहून तिकीट काढलं. पॉइंट एकाच माणसाला पुरत होते आणि तिकीट बदलता येणार नव्हतं, चुकलं की गेलं. अर्जुनानं ते ऐकलं आणि तो गुमान मेंढरांकडं गेला. संयोगिता मोबाईलवरच चेक-इन करत होती, म्हणजे मी येतेय असं कंपनीला आधी कळवायचं आणि जागा धरायची. तर हा बहाद्दर बिराप्पा तापानं फणफणलेला, तरी अंथरुणातनं म्हणाला, खिडकीची घे.

दुपारी हरणाबाई बिरोबाच्या देवळात गेली. पुजाऱ्यानं खोबऱ्याच्या दोन वाट्या घेतल्या, एकीत भंडारा भरला, दुसरी वर झाकली आणि पिवळ्या फडक्यात घट्ट बांधून दिली. भंडारा म्हणजे देवाची हळद. नवसाच्या वाटीचे तिकडं नियम असतात. आजारी माणसापर्यंत ती भुईला टेकवायची नाही. वाटेत कुणाजवळ तिचं नाव काढायचं नाही, नाव काढलं की गुण गेला. आणि एकदा उघडली की परत बांधायची नाही, भंडारा तिथल्या तिथं कपाळी लागला पाहिजे. हरणाबाईनं देवाला एकच सांगितलं, हात राहू दे. मला तितं जाऊन काप म्हणायला लावू नको.

पुण्याला न्यायला मोहिद्दीन तयार झाला. मोहिद्दीन कवठ्याचा मेंढरांचा व्यापारी. किती वर्षं दोघांची घासाघीस चालायची, हा मेंढीच्या पाठीवर हात फिरवून खोड काढणार, ती त्याला चार लोकांत झाडणार. आणि ईदेला त्याच्या घरचा शिरखुर्मा पहिला हिच्याकडं येणार. तो वेल्डिंगच्या कामाला काही वर्षं सौदीला होता, त्यामुळं विमानाचं त्याला माहीत. स्वतःची जुनी बॅग त्यानं तिला दिली आणि ओसरीवर बसून एकेक समजावलं. मोठी बॅग चेक-इनला द्यायची, ती विमानाच्या पोटात जाते, आपल्याला उतरल्यावर पट्ट्यावर मिळते. पंधरा किलोच्या वर नको. आधारकार्ड पिशवीत, जवळ. मग मोबाईलवर बघून त्यानं काय न्यायचं नाही ते वाचलं. लायटर, फटाके, रॉकेल, तेजाब, सुकं खोबरं.

हरणाबाई दचकली. खोबऱ्यानं काय घोडं मारलं? मोहिद्दीन म्हणाला, त्यात तेल असतं, ते तापून पेट घेतं म्हणतात, ना वरच्या पिशवीत चालत ना खालच्या.

"हाय का काही तसलं?" त्यानं विचारलं.

"न्हाई," हरणाबाई म्हणाली.

जन्मात त्या माणसाशी ती खोटं बोलली नव्हती. मेंढी आजारी असली तर आजारी म्हणून विकायची. पण नाव काढलं की गुण गेला, आणि गुण गेला की हात गेला. काय करायचं माणसानं? रात्रभर अंथरुणात ती त्या एका 'न्हाई'वर कूस बदलत राहिली, आणि पहाटे उठून तिनं बॅग भरली. अशी भरली की मधोमध घोंगडी, घोंगडीच्या घडीत बिराप्पाचा जुना सदरा, आणि सदऱ्यात नवसाची वाटी. चेन ओढली, वर थाप मारली. झालं मात्र म्हणाली नाही.

अर्जुना गाडीपर्यंत आला. तिच्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि म्हणाला, तू म्हणशील ते. हे मात्र फार सोयीचं असतं हां पुरुषांना. पण त्याचे डोळे बघून हरणाबाईला राग धरता आला नाही.

गाडी कराड ओलांडून सातारच्या वाटेला लागली. ह्याच पट्ट्यातनं ती घोड्याचा कासरा धरून चालत गेलेली. नागठाण्याच्या शिवारात, उसाच्या बांधाला, बिराप्पा जन्मला होता. रस्ता तेव्हा एवढा रुंद नव्हता. तळावर सुईण नाही, कढत पाणी मिळायलाही वेळ लागला. पोर निळंसर पडलेलं, रडेना. अर्जुनानं घाबरून देवाच्या पिशवीतला भंडारा हिच्याच कपाळाला फासला, ते पोराला लावायचंही त्याला सुचेना. मग हिनं पोर उचलून त्याच्या कपाळाला आपलं कपाळ दाबून धरलं. पोर रडलं. पिवळ्या कपाळाचं ते पोर दुसऱ्या तळाला घोड्याच्या पाठीवर बसून गेलं. हरणाबाईनं काचेतनं तो बांध शोधला. तिथं आता ढाबा होता.

सातारा मागं टाकला आणि खंबाटकी घाटाच्या अलीकडं गाड्या तुंबल्या. ट्रक उलटला होता म्हणे. मोहिद्दीन खाली उतरून पुढं बघून यायचा, परत बसायचा. चेक-इनचा काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतो हे त्यानं तिला सांगितलं होतं, आणि आता सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटत असणार. आपण खोटं बोललो म्हणून देवानं ट्रक आडवा घातला, हे हरणाबाईच्या मनानं घेतलं होतं. निम्म्या वाटेवर तिनं तोंड उघडलंही होतं, की मोद्दीनभाऊ, बॅगेत एक चीज हाय. पण उघडलेलं तोंड तिनं पदर लावून मिटलं.

विमानतळाच्या दारात पोलिसानं मोहिद्दीनला अडवलं. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. मग ती एकटी. बॅग ढकलत, पायातली चप्पल फरशीवर घसरवत, विचारत विचारत ती काउंटरला पोचली तेव्हा बंद व्हायला थोडाच वेळ होता. काउंटरवरच्या पोरीनं आधार बघितलं, बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली. वजन बसलं. मग पोरीनं पाठ केल्यासारखं विचारलं, लायटर, पॉवर बँक, सुकं खोबरं? हरणाबाई दुसऱ्यांदा म्हणाली, न्हाई. बॅग सरकत पडद्याआड गेली. हातात पास आला, त्यावर खिडकीच्या जागेचा आकडा.

ती तपासणीच्या रांगेकडं वळते न वळते तोच तीच पोरगी धावत आली. आजी, तुमची बॅग अडवलीय, उघडून दाखवावी लागेल. एक्स-रेमध्ये गोल काहीतरी दिसलं होतं.

आत एका टेबलावर बॅग होती. वर्दीतला माणूस हिंदीत विचारत होता, ह्यात काय आहे. हरणाबाईनं घोंगडी काढली, सदरा काढला, आणि पिवळं फडकं दोन्ही हातांत धरून तशीच उभी राहिली. टेबलावर ठेवेना. माणूस म्हणाला, रखिए. ती ठेवेना. त्या पोरीला मात्र बघताच कळलं. तिच्या छातीवरच्या पाटीवर समीक्षा असं नाव होतं, आणि ती बोलली ते सातारकडचंच बोलणं होतं.

"आजी, भंडारा-खोबरं हाय ना? आमच्याकडं पण असतंय." मग तिनं आवाज खाली आणला. "भंडारा जाईल. खोबरं न्हाई जाणार. हे हितंच सोडावं लागंल. बाकी समदं जाईल."

दोन्ही संगंच लागतं, हरणाबाई म्हणाली, आणि मग तिनं त्या परक्या पोरीला सगळं सांगितलं. नाव काढायचं नाही तो नियम, हात, गुवाहाटी, सगळं. सांगता सांगता तिला कळत होतं की आपण वाटीचा गुण आपल्या तोंडानं घालवतोय. समीक्षा ऐकत होती आणि तिची नजर घड्याळावर जात होती. शेवटी म्हणाली, आजी, विमान थांबणार नाही. बॅग सोडायची का खोबरं, का विमान, ते तुम्ही सांगा.

पुन्हा तेच. सगळ्या मुलखाला हरणाबाईनंच सांगायचं.

तिनं गाठ सोडली. भंडारा तिथल्या तिथं कपाळी लागला पाहिजे, म्हणून तिनं चिमूट नाही, तळहात भरून घेतला आणि स्वतःच्या कपाळाला फासला, भुवयांपासून केसांपर्यंत. उरलेला समीक्षाच्या आणि त्या वर्दीतल्या माणसाच्या कपाळाला लावला. तो बिचारा वाकला. खोबरं कचऱ्याच्या डब्यात टाकायला कुणाचा हात धजेना. समीक्षानंच वाट्या फोडल्या, एक तुकडा स्वतः तोंडात टाकला आणि बाकी शेजारच्या काउंटरवरच्यांना वाटले. प्रसाद चावण्याचा आवाज हरणाबाईच्या कानात भरला. आजाऱ्याच्या आधी लोकांनीच नवस खाल्ला होता. आता हात राहत नाही, हे तिला तिथंच कळून चुकलं.

विमानात ती खिडकीशी बसली, पण खिडकीतनं तिनं काही बघितलं नाही. मान टेकली तर कपाळ पुसेल, झोप लागली तर पुसेल, म्हणून ताठ बसली. घाम आला तो गालावरनं पुसला, वर हात नेला नाही. विमान उठलं तेव्हा कान गच्च झाले, शेजारची बाई काहीतरी विचारत होती, हिनं नुसती मान हलवली. सगळा जीव त्या एका पिवळ्या पट्ट्यात गोळा झालेला.

संध्याकाळी संयोगिता तिला विमानतळावरनं थेट दवाखान्यात घेऊन गेली. बिराप्पा हडकला होता, डोळे तापानं लाल. आईला बघून म्हणाला, "खिडकी मिळाली का?"

"मिळाली."

"दिसला का मुलूख?"

"न्हाई बघितला," हरणाबाई म्हणाली. आज तिला आणखी खोटं बोलायचं नव्हतं.

नर्सनं हातावरची पट्टी बाजूला केली. हरणाबाईनं बघितलं. मग खाली वाकली आणि वास घेतला. बोटांपासून सुरुवात करून मनगटापर्यंत, मनगटापासून वर, जिथं कातडी परत तांबूस होती तिथपर्यंत. बिराप्पा तिच्या तोंडाकडं बघत होता, जसा लहानपणी उकिडवा बसून बघायचा. दारात डॉक्टर उभे होते. संयोगितानं भिंतीला हात टेकला होता. हरणाबाई सरळ झाली. कितीतरी वेळ तिला वाटत राहिलं की अजून कुणीतरी येईल आणि तिच्याऐवजी बोलेल. कोण येणार होतं?

तिनं पोराचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाला कपाळ दाबलं. त्याचं कपाळ तव्यासारखं तापलं होतं. कपाळ न काढता, त्याला एकट्याला ऐकू जाईल असं बोलली.

"ह्यो हात हितंच सोडू, लेकरा. बाकी तू समदा माझ्यासंगं घरला चल."

बिराप्पानं डावा हात अंथरुणातनं बाहेर काढला आणि नर्सनं पुढं केलेल्या शाईवर अंगठा टेकवला. आत नेताना नर्स त्याचं कपाळ ओल्या कापसानं पुसायला गेली, तर हरणाबाईनं तिचा हात धरला. भाषा येत नव्हती, पण नर्सनं कापूस खाली ठेवला.

दार मिटल्यावर संयोगितानं सासूला बाकावर बसवलं. परतीचं काय करायचं, ती म्हणाली, पॉइंट तर संपलं. हरणाबाईनं मोहिद्दीनची बॅग पुढ्यात ओढली, उघडली, घोंगडी काढून पुन्हा नीट घडी घातली, सदरा हातात घेतला. त्याची उजवी बाही तिनं कोपरापर्यंत आत दुमडली, वरनं हात फिरवून सारखी केली, आणि चेन ओढून घेतली.

"रेल्वेनं जाऊ," ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदा रडली.